घरी बांधलेल्या विमानात इंजिनाच्या सेन्सर लाइन जोडताना : होज सर्वांत शेवटी

घरी बांधलेल्या विमानात तेलाचा दाब, इंधनाचा दाब आणि मॅनिफोल्ड प्रेशर (सिलिंडरच्या इनटेकमधील हवेचा दाब) मोजणाऱ्या लाइन बसवताना होणाऱ्या बहुतेक चुका पाना फिरवताना होत नाहीत, त्या कामाच्या क्रमात होतात. आधी होज (लवचीक नळी) मागवायचा, मग त्याच्या लांबीत बसेल अशी सेन्सरची जागा शोधायची आणि शेवटी आटे जुळत नाहीत म्हणून बाजारात मिळेल तो ॲडॅप्टर मध्ये घालायचा, असा उलटा प्रवास अनेकजण करतात. योग्य क्रम असा आहे : सेन्सरची जागा, आट्यांची ओळख, रिस्ट्रिक्टर (बारीक छिद्राचे फिटिंग), मार्गाची आखणी आणि सर्वांत शेवटी होज. पुढचे टप्पे त्याच क्रमाने दिले आहेत.

उदाहरणासाठी लायकमिंग ओ-३२० किंवा ओ-३६० जातीचे, चार सिलिंडरचे, कार्ब्युरेटर असलेले इंजिन गृहीत धरले आहे. इंजिन वेगळे असेल तर दाबाचे आकडे आणि इंजिनावरील तोंडांच्या जागा त्या इंजिनाच्या पुस्तिकेतूनच घ्याव्यात. कामाचा क्रम मात्र तोच राहतो.

## टप्पा १ : सेन्सर कोठे बसवायचा ते ठरवा

सेन्सर थेट इंजिनावर बसवू नये. तेलाच्या दाबाचा डबीसारखा सेन्सर चांगला वजनदार असतो आणि त्याचे सगळे वजन १/८ इंची निपलच्या बारीक मानेवर येते. इंजिन चालू असताना ती मान सतत थरथरते आणि पहिल्या आट्याच्या खाचेपासून तडकू लागते. हा तडा बाहेरून दिसत नाही. तो दिसतो तेव्हा तेल दाबाने बाहेर पडत असते आणि खाली एक्झॉस्ट तापलेला असतो.

म्हणून तिन्ही सेन्सर फायरवॉलच्या (इंजिन आणि कॉकपिट यांच्यामधील अग्निरोधक भिंतीच्या) इंजिनाकडील बाजूस एका ब्लॉकवर बसवावेत आणि इंजिनापासून ब्लॉकपर्यंत लवचीक होज न्यावा. सेन्सर कॉकपिटच्या बाजूस ठेवण्याचा मोह टाळावा. तेल आणि इंधन फायरवॉलच्या पुढेच राहिले पाहिजे. मागे जाव्यात त्या फक्त विजेच्या तारा.

ब्लॉकची जागा ठरवताना चार गोष्टी पाहाव्यात. ब्लॉक एक्झॉस्टच्या वर किंवा शेजारी नसावा. काउलिंग (इंजिनावरचे आवरण) काढल्यावर प्रत्येक सेन्सरवर पाना फिरण्याइतकी मोकळी जागा असावी. बॅटरी, ऑइल फिल्टर किंवा मॅग्नेटो (ठिणगीसाठी वीज तयार करणारे यंत्र) काढताना ब्लॉक आडवा येऊ नये. आणि फायरवॉलच्या त्या जागेमागे मजबुतीची पट्टी असावी किंवा डबलर (मजबुतीसाठीचा जोडपत्रा) लावता यावा, कारण पातळ स्टेनलेस पत्र्यावर नुसता बोल्टने धरलेला ब्लॉक पत्र्यासकट हलत राहतो.

तपासणी : ब्लॉकमध्ये प्रत्येक सेन्सरसाठी स्वतंत्र पोकळी असते. सेन्सर बसवण्यापूर्वी एका तोंडातून हवा फुंकून ती फक्त आपल्याच जोडीच्या तोंडातून बाहेर येते याची खात्री करावी. लेथवर स्वतः करून घेतलेल्या ब्लॉकमध्ये ड्रिल थोडे जास्त खोल गेले, तर तेलाची आणि इंधनाची पोकळी आतून जोडली जाऊ शकते, आणि हे बाहेरून कधीही कळत नाही.

## टप्पा २ : आटे ओळखा

सोलापुरात हायड्रॉलिक होज आणि फिटिंगची दुकाने भरपूर आहेत. ट्रॅक्टर, ट्रॉली, ऊसतोडणी यंत्र यांच्यासाठी लागणारे काम तिथे उत्तम होते आणि होज तासाभरात क्रिंप करून मिळतो. आपल्या अडचणीचे मूळ नेमके इथेच आहे. आपल्याकडच्या बाजारात पाइपचे आटे प्रामुख्याने बीएसपी (ब्रिटिश) पद्धतीचे असतात, तर अमेरिकन विमान इंजिनावरील तोंडे आणि बहुतेक सेन्सर एनपीटी (अमेरिकन) पद्धतीचे असतात.

दोन्ही फिटिंग शेजारी ठेवली तर नवख्या डोळ्याला फरक दिसत नाही. १/८ इंची एनपीटीला दर इंचाला २७ आटे असतात, १/८ बीएसपीला २८. १/४ इंचामध्ये हेच आकडे १८ आणि १९ आहेत. आट्याचा कोनही वेगळा आहे, एनपीटीचा ६० अंश आणि बीएसपीचा ५५ अंश. बीएसपीचे निपल एनपीटीच्या तोंडात सुरुवातीला सहज फिरते, किंबहुना थोडे ढिलेच वाटते, आणि मग अचानक घट्ट होते. ही घट्टता आटे बसल्याची नसून ते एकमेकांत अडकल्याची असते. त्यावर सीलंट भरपूर लावले तर जमिनीवर गळती दिसणारही नाही, पण पकड मोजक्या आट्यांवरच राहते.

ओळखण्यासाठी अंदाज पुरेसा नाही. थ्रेड गेजची पट्टी घ्यावी, फिटिंग उजेडासमोर धरावे आणि पट्टीचे दात आट्यांत पूर्ण लांबीभर बसतात का ते पाहावे. एका इंचात एका आट्याचा फरक असल्याने तीन-चार आट्यांवर दोन्ही पट्ट्या बसल्यासारख्या वाटतात; फरक टोकाकडे उजेडाच्या बारीक फटीतून कळतो. व्हर्नियर असेल तर आणखी एक खूण मिळते. १/८ इंचामध्ये बीएसपीचे निपल एनपीटीपेक्षा सुमारे अर्धा मिलिमीटर बारीक असते.

दुसरा घोळ फ्लेअरच्या, म्हणजे नळीच्या पसरवलेल्या टोकाच्या, कोनाचा आहे. विमानाच्या एएन मानकाच्या फिटिंगचा कोन ३७ अंश असतो. फ्रिज-एसी मेकॅनिककडे जी फ्लेअरिंग किट असते ती ४५ अंशांची. ४५ अंशांचा फ्लेअर ३७ अंशांच्या शंकूवर फक्त एका कडेवर टेकतो. नट आवळला की ती कड चेपते, काही काळ गळती थांबते आणि मग नळी तिथेच चिरते. हायड्रॉलिक दुकानातील जेआयसी फिटिंगचा कोन मात्र ३७ अंशच असतो, त्यामुळे ते एएनशी जुळते. तरीही धातू, आट्यांची अचूकता आणि दर्जाची कागदपत्रे यांचा विचार करता इंजिनाच्या बाजूला विमानाचीच फिटिंग वापरावीत असे माझे मत आहे. ती बाहेरून मागवावी लागतात आणि वेळ जातो, म्हणूनच यादी एकदाच पूर्ण करून पाठवणे शहाणपणाचे.

फायरवॉलच्या पुढे तेल आणि इंधनासाठी पोलादी फिटिंग घ्यावीत. निळ्या रंगाची ॲल्युमिनियमची फिटिंग दिसायला देखणी आणि वजनाला हलकी असतात, पण आगीत ती लवकर वितळतात आणि कंपनात लवकर तडकतात.

इशारा : बीएसपीवरून एनपीटीवर नेणारा पितळी ॲडॅप्टर हा उपाय नव्हे. प्रत्येक ॲडॅप्टर म्हणजे गळतीची आणखी दोन ठिकाणे आणि लांबलेला, जास्त थरथरणारा दांडा.

## टप्पा ३ : रिस्ट्रिक्टर इंजिनाच्या टोकाला

तेलाच्या आणि इंधनाच्या लाइनमध्ये बारीक छिद्राचे फिटिंग असलेच पाहिजे. सेन्सरला वाहणारे तेल नको असते, फक्त दाब पोहोचला पाहिजे, आणि तो सुमारे १ मिलिमीटरच्या छिद्रातूनही पोहोचतो. होज फुटला तर हेच छिद्र तेल धारेने जाऊ देत नाही आणि उतरण्यासाठी वेळ मिळतो. शिवाय पंपाच्या ठोक्यांमुळे काट्याला येणारी थरथरही कमी होते.

हे छिद्र होजच्या आधी, म्हणजे इंजिनावरच्या तोंडात हवे. अनेक जण ते ब्लॉकच्या बाजूला बसवतात, कारण तिथे हात पोहोचतो. तसे केल्यास फुटलेल्या होजमधून तेल पूर्ण दाबाने बाहेर पडते आणि रिस्ट्रिक्टर फक्त सेन्सरचे रक्षण करत बसतो.

तयार रिस्ट्रिक्टर फिटिंग मिळत असेल तर तेच घ्यावे. स्वतः करायचे असल्यास पोलादी फिटिंगच्या आतून आटे पाडून त्यात छिद्र पाडलेला स्क्रू प्लग बसवावा किंवा छिद्र ब्रेझिंगने बुजवून पुन्हा बारीक पाडावे. नुसता ठोकून बसवलेला पितळी तुकडा वापरू नये. तो निघून आला तर ज्या दिवशी त्याची गरज आहे त्याच दिवशी तो जागेवर नसेल. ड्रिलनंतर आतील बर (कापल्यावर उरलेली धातूची धार) काढून फिटिंग धुवावे आणि उजेडाकडे धरून छिद्र गोल व स्वच्छ दिसते का ते पाहावे.

अतिथंड प्रदेशात घट्ट तेलामुळे या छिद्रातून दाब उशिरा पोहोचतो. सोलापूरच्या थंडीत ही अडचण सहसा येत नाही, त्यामुळे छिद्र मोठे करण्याचे कारण नाही.

## टप्पा ४ : मार्ग आखा, मग लांबी मोजा

प्रत्यक्ष फिटिंग हाताने जागेवर बसवावीत, एल्बोची दिशा ठरवावी आणि मगच जाड विजेच्या तारेने किंवा जुन्या होजच्या तुकड्याने मार्ग आखावा. सुतळी या कामाला उपयोगी नाही, कारण ती कोठेही वाकते आणि होज तसा वाकत नाही.

इंजिन रबरी माउंटवर असते. चालू करताना आणि विशेषतः बंद करताना ते चांगलेच हिसका देते, तर फायरवॉल स्थिर असते. होजची एक बाजू हलणारी आणि दुसरी स्थिर, म्हणून ताणलेला होज चालत नाही. दाबाखाली होजची लांबीही बदलते. ती साधारण ४ टक्क्यांपर्यंत आखडू शकते. सरळ मापापेक्षा ५ ते ८ टक्के सैल लांबी ठेवणे ही मान्य पद्धत आहे. होज इंजिनाकडून माउंटकडे जिथे ओलांडतो तिथे हा सैलपणा एका मोकळ्या वळणात यावा. तो उरलेल्या मार्गात वाटून टाकला तर उपयोग होत नाही.

एक्झॉस्टपासून किमान वीतभर अंतर राखण्याचा प्रयत्न करावा, आणि ते शक्य नसेल तर एक्झॉस्टवर हीट शील्ड बसवावे. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत सावलीतील तापमान ४० अंशांच्या वर जाते. इंजिन बंद केल्यावर हवेचा प्रवाह थांबतो आणि काउलिंगच्या आतील तापमान उलट वाढते. इंधनाची लाइन गरम भागाजवळ असेल तर त्यातील इंधनाची वाफ होते आणि पुन्हा चालू करताना दाबाचा काटा नाचतो. असा नाचणारा काटा दिसला की लोक सेन्सर बदलतात. खरे तर लाइनचा मार्ग बदलायचा असतो.

तपासणी : आखलेली तार जागेवर असताना सहकाऱ्याला प्रॉपेलरच्या बाजूने इंजिन माउंटवर वर-खाली, डावी-उजवीकडे हलवायला सांगावे. त्याआधी इग्निशन बंद आणि मॅग्नेटो ग्राउंड आहेत याची खात्री हवी. तार कोठेही ताणली जाता कामा नये आणि घासताही कामा नये.

## टप्पा ५ : होज आणि नळी

आता होज मागवावा. ऑर्डरमध्ये लांबी कोठून कोठपर्यंत मोजली आहे हे आकृतीसह लिहावे आणि दोन्ही टोकांना एल्बो असतील तर त्यांचा परस्पर कोनही द्यावा. फायर स्लीव्ह (होजवरचे आगरोधक वेष्टन) बसवूनच होज मागवला तर उत्तम. स्लीव्ह स्वतः चढवायची असेल तर तिची कापलेली टोके सिलिकॉनने बंद करून स्टेनलेस पट्टीने आवळावीत. उघडे टोक सांडलेले तेल वातीसारखे शोषून घेते आणि मग आगीपासून वाचवणारी स्लीव्हच पेटते.

जिथे दोन्ही टोके स्थिर आहेत अशा ठिकाणी, उदाहरणार्थ फायरवॉलवरच्या दोन जागांमध्ये, कडक नळी चालते. नळी कटरने कापावी, हॅकसॉने नव्हे. आतील व बाहेरील बर काढून टोक नळीला काटकोनात सपाट करावे. मग आधी नट, त्यानंतर स्लीव्ह (फ्लेअरमागे बसणारी धातूची छोटी नळी) योग्य दिशेने चढवावी आणि नंतरच फ्लेअर करावा. हा क्रम सांगायची गरज नाही असे वाटते, पण फ्लेअर सुंदर झाल्यावर नट टेबलावर पडलेला दिसणे ही या कामातली सर्वांत नेहमीची फजिती आहे. तयार फ्लेअर स्लीव्हच्या तोंडाबाहेर थोडा दिसला पाहिजे, पण नटच्या आट्यांना लागेल इतका मोठा नको. कडेला बारीक चीर दिसली तर तो भाग कापून पुन्हा करावा.

## टप्पा ६ : जोडणी

शंकू आकाराच्या पाइप आट्यांवरच सीलंट लावायचे. पहिला आटा कोरडा ठेवावा आणि तेल-पेट्रोलला टिकणारे द्रव सीलंट पुढच्या दोन-तीन आट्यांवर पातळ लावावे. नळाला गुंडाळतात ती पांढरी टेप इथे वापरू नये. तिचा तुटलेला धागा १ मिलिमीटरच्या छिद्रात अडकला की लाइन आंधळी होते, आणि तेलाचा दाब जुनाच आकडा दाखवत राहतो किंवा शून्यावर जातो. फ्लेअरच्या तोंडावर सीलंट अजिबात लावू नये. तिथे धातू धातूवर बसूनच सील होते.

१/८ एनपीटी हाताने घट्ट झाल्यावर साधारण दीड ते दोन फेरे पुरतात. एल्बोची दिशा जुळत नसेल तर पुढे फिरवूनच जुळवावी. मागे फिरवला की सील तुटते. तो काढून, साफ करून पुन्हा बसवावा. ॲल्युमिनियमच्या ब्लॉकमध्ये जास्त जोर लावू नये, कारण शंकूचा आटा पाचरीसारखा काम करतो आणि ब्लॉक चिरतो. सेन्सर फिरवताना पाना फक्त त्याच्या षटकोनी भागावर लावावा, डबी पकडीने कधीही फिरवू नये.

१/४ इंची ॲल्युमिनियमच्या फ्लेअर नळीच्या नटसाठी टॉर्क ४० ते ६५ इंच-पौंड, म्हणजे सुमारे ४.५ ते ७.३ न्यूटन मीटर असतो. होजच्या जोडणीचा टॉर्क वेगळा असतो, त्यामुळे हाच आकडा तिथे वापरू नये. होजचा नट आवळताना फिटिंगला दुसरा पाना लावून आधार द्यावा आणि होजवर छापलेली रेघ सरळ राहते का ते पाहावे. रेघ नागमोडी फिरली म्हणजे होजला पीळ बसला.

इशारा : काम थांबवताना प्रत्येक उघडे तोंड टोपीने बंद करावे. सोलापूरच्या पूर्व भागात शेजारीच यंत्रमाग चालत असतील तर हवेत सुताचे बारीक तंतू सतत तरंगत असतात. ते साचलेले डोळ्याला दिसतात ते पंख्यावर, पण पोहोचतात उघड्या फिटिंगमध्येही. कापडाचा बोळा कोंबू नये, तो स्वतःच तंतू सोडतो.

## टप्पा ७ : मॅनिफोल्ड प्रेशरची लाइन

ही लाइन वेगळी आहे, कारण हिच्यातून द्रव नव्हे तर सिलिंडरच्या इनटेक पोर्टमधील कमी दाब मोजला जातो. इथे गळती झाली तर काही सांडत नाही. बाहेरची हवा आत ओढली जाते, त्या सिलिंडरचे मिश्रण पातळ होते आणि इंजिन आयडलवर लंगडते. कार्ब्युरेटर खोलून पाहण्याआधी ही लाइन पाहावी.

लाइन सेन्सरपासून इंजिनाकडे सतत उताराची असावी. मधे झोळ पडला तर तिथे पेट्रोल व पाणी साचते आणि आकडा उशिरा हलतो. सिलिंडरजवळ उष्णता सहन करणारा होज वापरावा आणि बार्बवर (होज खोचायच्या खाचदार टोकावर) क्लँप लावावा. इलेक्ट्रॉनिक इग्निशनलाही हाच दाब हवा असेल तर टी (तीन तोंडांचे फिटिंग) बसवता येते, पण टीची जागा क्लँपने धरून ठेवावी.

## टप्पा ८ : क्लँप आणि ग्राउंड

होजला जास्तीत जास्त ६० सेंटीमीटरवर रबरी अस्तराच्या क्लँपने आधार द्यावा. तेलाच्या किंवा इंधनाच्या होजला विजेची तार बांधू नये. प्लॅस्टिकच्या झिप टायने तर नाहीच.

एकाच तारेचे सेन्सर आपल्या धातूच्या अंगातून ग्राउंड घेतात. रंगवलेल्या फायरवॉलवर किंवा ॲनोडाइझ केलेल्या ब्लॉकवर ते ग्राउंड मिळत नाही आणि आकडा वाढीव किंवा भरकटलेला दिसतो. ब्लॉकपासून इंजिनाच्या ग्राउंडपर्यंत स्वतंत्र तार द्यावी आणि मल्टिमीटरने रोध जवळजवळ शून्य आहे हे पाहावे.

## टप्पा ९ : इंजिन चालू करण्यापूर्वीची आणि नंतरची तपासणी

आधी मॅनिफोल्ड प्रेशर पाहावे. इंजिन बंद असताना काटा शून्यावर नसतो, तो त्या ठिकाणचा खरा वायुदाब दाखवतो. सोलापूर समुद्रसपाटीपासून सुमारे ४५० मीटर उंच असल्याने येथे तो साधारण २८ ते २८.५ इंच पारा असायला हवा. पुस्तकातील २९.९२ हा आकडा समुद्रसपाटीचा आहे. इथे कोणाचा काटा ३० दाखवत असेल तर तो चुकतो आहे. हाताच्या व्हॅक्यूम पंपाने दाब कमी करून लाइन तो धरून ठेवते का तेही पाहावे.

तेलाच्या सेन्सरची खात्री रेग्युलेटर आणि चांगल्या गेजसह कोरड्या हवेने करता येते. इंजिनाकडील टोक सोडवून तिथून ५० पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) द्यावे आणि कॉकपिटमधील आकडा गेजशी ताडून पाहावा.

इशारा : हीच हवा इंधनाच्या लाइनला देऊ नये. कार्ब्युरेटरच्या इंजिनासाठी इंधनाचा दाब ०.५ ते ८ पीएसआय इतकाच असतो आणि सेन्सरही तेवढ्याच तोलाचा असतो. इंधनप्रवाहाचा सेन्सर लाइनमध्ये असेल तर त्यातून हवा फुंकूच नये, आतील नाजूक चाक जोरात फिरून निकामी होते. इंधनाची लाइन विजेचा बूस्ट पंप चालवून तपासावी आणि प्रत्येक सांध्याखाली कोरडा पांढरा कागद धरावा. बोटाला न जाणवणारा ओलावा कागदावर लगेच उमटतो.

त्यानंतर प्रत्येक सिलिंडरचा एकेक स्पार्क प्लग काढून स्टार्टरने इंजिन थोडे थोडे फिरवावे आणि तेलाचा दाब चढतो का ते पाहावे. दाब दिसेपर्यंत इंजिन चालू करू नये.

पहिल्यांदा चालू करताना काउलिंग काढलेली, अग्निशामक हाताशी, दुसरा माणूस बाजूला आणि प्रॉपेलरपासून दूर असावा. तेलाचा दाब ३० सेकंदांत दिसला नाही तर बंद करावे. लायकमिंगमध्ये चालू असतानाचा नेहमीचा दाब ५५ ते ९५ पीएसआय आणि आयडलवर किमान २५ पीएसआय असतो. थंड इंजिन चालू करताना तो क्षणभर ११५ पर्यंत जाऊ शकतो. दोन-तीन मिनिटांत बंद करून टॉर्चने सगळे सांधे पाहावेत. ओलसर सांधा दाब असताना आवळू नये. इंजिन थंड होऊ द्यावे, सांधा सोडवून तोंड तपासावे आणि मगच ठरलेल्या टॉर्कला बसवावा. जास्त आवळून थांबवलेली गळती परत येते, तीही सहसा हवेत.

सगळे सांधे कोरडे निघाले की प्रत्येक नटावर आणि फिटिंगवर मिळून एक रंगीत रेघ ओढावी. नखांचे पॉलिश चालते, पण विमानासाठीचा टॉर्क सील सुकल्यावर ठिसूळ होतो आणि नट हलला की तडकून लगेच दिसतो, म्हणून तो बरा. पहिल्या उड्डाणानंतर आणि पुढे पहिल्या २५ तासांत प्रत्येक वेळी काउलिंग निघाली की या रेघा, होजची घासण्याची ठिकाणे आणि ब्लॉकचे बोल्ट पाहावेत, आणि होजची तारीख, टॉर्कचे आकडे व प्रत्येक फिटिंगचा क्रमांक इंजिनाच्या लॉगबुकात लिहून ठेवावा.